कान आण्णांचे, गळा आक्कांचा

इचलकरंजीत कान तपासायला बसलं की निम्मे पेशंट यंत्रमागावरचे असतात. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं शेडमध्ये काढलेली माणसं. साध्या धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या ठोकळीच्या) मागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. आवाज 90 डेसिबलच्या वर आणि पाळी बारा तासांची. 90 डेसिबलमध्ये माणसाला आठ तासच ठेवायचं, असं नियम म्हणतो. तो नियम शेडच्या दारातून कधी आत आलेला मी पाहिला नाही. कुणी फारच काळजी घेतली तर कानात कापसाचा बोळा घालतो, आणि कापसानं आवाज फारसा अडत नाही.

आण्णा त्यातलेच. खातं, म्हणजे मागांचा कारखाना, बंद पडल्यावर घरी बसलेले. बरोबर त्यांच्या मंडळी, म्हणजे आक्का, आणि सून. आण्णा खुर्चीत बसायच्या आत सूनबाईंनी सांगून टाकलं, "मॅडम, आण्णांना विसरायला होतंय. विचारतो एक, सांगतात भलतंच. लग्नाकार्याला चला म्हटलं तर उठत नाहीत. काम सुटल्यापासून असंच चाललंय. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण आधी कान बघून घ्या म्हणाले."

आण्णांचा या सगळ्यावर एकच जबाब होता. "मला ऐकू येतंय की. हीच सगळी तोंडातल्या तोंडात बोलत्यात."

मी समोर बसून विचारलं, "जेवून आलात का?" म्हणाले, "व्हय, भाकरी-पिठलं." "गाव कुठलं?" गाव सांगितलं. सगळं ठाकठीक. मग हातातली फाईल तोंडासमोर धरली आणि त्याच आवाजात विचारलं, "नातू कितवीला आहे?"

"हां, खाल्लं की मगाशीच."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या. आण्णा कानानं नाही, डोळ्यांनी ऐकत होते. मागावरच्या माणसांना ओठ वाचायची सवय असतेच. शेडमध्ये दुसरा इलाजच नसतो. म्हणून समोर बसलेल्याला पत्ता लागत नाही, आणि पाठमोरं कुणी बोललं की घरचे म्हणतात, म्हातारा बिघडला.

ऐकण्याच्या तपासणीचा आलेखही अपेक्षेप्रमाणेच निघाला. जाड, खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत, आणि 2000 हर्ट्झच्या पुढे रेषा खाली घसरत 4000 ला तळाशी गेलेली. गोंगाटानं गेलेला कान असाच दिसतो. स्वर ऐकू येतात. स, ट, फ यांसारखी बारीक व्यंजनं गळून पडतात. 'सात', 'हात', 'खात', सगळं एकसारखंच. त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते समजत नाही. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या ज्या केसपेशी मेल्या त्या परत उगवत नाहीत, हेही मी सांगून टाकते. आडपडदा ठेवला की लोक तेल-काढे करत वर्ष घालवतात.

एवढ्या वेळात माझं लक्ष मात्र आक्कांकडे जाऊ लागलं होतं. आण्णांना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधी त्या देत होत्या, आणि आवाज घोगरा, मध्येच फाटणारा. दर दोन वाक्यांनंतर खाकरणं. आमच्या शिक्षणात कान आणि वाचा दोन्ही असतात, त्यामुळे असा आवाज कानावर पडला की सोडवत नाही.

"आक्का, घसा कधीपासून बसलाय?"

"गारठ्यानं हाय ते."

"दिवाळीपासून," सूनबाई म्हणाल्या. बाहेर आखाडातला पाऊस पडत होता.

"मिश्री लावता?"

आक्का हसल्या. "माझं कुठं नाव हाय त्या कागदावर? यांचं बघा की."

त्यांचंही नाव घातलं, वेगळ्या केसपेपरवर. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्यायलाच हवं, आणि तोंडात तंबाखू असेल तर टाळाटाळ नकोच. घरात आण्णांच्या कानाची चर्चा रोज होत होती. बाईचा आवाज आठ महिने बसलेला होता आणि त्याची कुणी दखल घेतली नव्हती. बाईनं स्वतःही नाही.

दिवसभरात काय काय ओरडता, ते मी सविस्तर विचारून घेतलं. चुलीपाशी भाकरी थापत बाहेरच्या खोलीत हाक. टीव्ही मोठा लावलेला, त्याच्या वरताण बोलणं. न्हाणीतून ओरडणं. आणि त्यावर आण्णांचं ठरलेलं, "वरडतीस कशाला?"

हे भांडण मी अनेक घरांतलं ऐकलंय. हळू बोललं तर कळत नाही, मोठ्यानं बोललं तर अंगावर येतं. घरच्यांना वाटतं मुद्दाम करतो. पण अशा कानाचा मधला पल्लाच आक्रसलेला असतो. ऐकू न येणारा आणि सहन न होणारा आवाज जवळजवळ येतात. शिवाय ओरडल्यानं स्वर फुगतात, गळणारी व्यंजनं गळतातच.

आक्कांनी हे नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे इतकी वर्सं मी वरडले ते वायाच?"

मी म्हटलं, "बरंचसं." गोड बोलून काय उपयोग होता?

दुर्बिणीच्या तपासणीत भीती होती तसं काही निघालं नाही. दोन्ही स्वरतंतूंवर छोट्या गाठी, कुदळ धरून हाताला घट्टे पडतात तशा. शस्त्रक्रियेची गरज नव्हती, आवाजाचे व्यायाम करायचे होते. ग्लासात पाणी घेऊन त्यात नळी बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढायचे. आक्कांना पहिल्यांदा हा पोरखेळ वाटला. पण नियमित करत गेल्या. घशाला आराम म्हणून त्यांनी मनानंच कुजबुजणं सुरू केलं होतं, ते आधी थांबवलं. कुजबुजण्यानंही ताण पडतोच. खाकरायच्या ऐवजी घोटभर पाणी. मिश्री सोडली असं त्या सांगतात. सूनबाई मागून मान हलवून नाही म्हणतात.

आण्णांना ऐकायचं यंत्र बसलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा काढून टेबलावर ठेवलं. भांड्यांचा, कागदाचा, स्वतःच्या चपलांचा आवाज सोसेना. वर्षानुवर्षं न ऐकलेल्या आवाजांना मेंदू लगेच घरात घेत नाही, काही आठवडे जातात. म्हणून रोज थोडे तास, आधी शांत खोलीत, असं वाढवत न्यायचं. मेंदूच्या डॉक्टरांकडचं जाणं मी रद्द करू दिलं नाही. फक्त यंत्र लावून न्या म्हटलं. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकणारच, आणि त्याला विसराळूपणा ठरवलं जाणार.

घरासाठी नियम एकच घालून दिला. दुसऱ्या खोलीतून हाक नाही. जवळ जायचं, समोर यायचं, मग बोलायचं. आक्कांनी हात जोडले. "भाकरी तव्यावर टाकून दर खेपेला उठून जाऊ व्हय?"

तोडगा त्यांनीच काढला. लग्नाआधी त्या कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी कांड्यांवर धागा भरायच्या कामावर होत्या. शेडमध्ये हातवाऱ्यांवर काम चालायचं: धागा तुटला, कांडी संपली, मुकादम आला, चहाला चल. त्या खुणा दोघांनाही अजून पाठ. आता चुलीपासून दाराच्या चौकटीत दिसेल असा हात वर होतो आणि आण्णा जेवायला येतात. सूनबाईही शिकतायत. नातवानं आपल्या मनानं एक खूण वाढवलीय: आजीचा आवाज चढला की तो स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवतो. आक्कांना ती मुळीच आवडत नाही.