तुम्ही विचारलंत म्हणून: ती जपानी पावडर पोटात नक्की करते काय?

माझं पोटाचं ऑपरेशन इथे योकोहामात झालं हे कळलं की हमखास विचारता, ती जपानी पावडर म्हणजे जुलाबाचं औषध ना? नाही हो. दाइकेनचूतो तिचं नाव, सोनामुखीसारखं त्यात काहीच नाही. वाफवून वाळवलेलं आलं (आपल्या सुंठीची बहीणच), जिनसेंग नावाचं मूळ, सान्शो हा जपानी मसाला आणि भरपूर माल्टोज साखर, बस. मूळ कृती चीनची, साधारण 1800 वर्षांपूर्वीची, पण जपानमध्ये आज सर्जनच लिहून देतात आणि इन्शुरन्समध्येही बसते.

ऑपरेशननंतर आतडी गपगार पडतात. माझं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, डॉक्टर रोज सकाळी एकच विचारायचे, वारा सरला का? मग अडीच-अडीच ग्रॅमच्या दोन पुड्या दिवसातून तीनदा सुरू झाल्या. आधी गोड लागलं, मग जिभेच्या टोकाला झिणझिण्या आल्या आणि मला एकदम आईचं तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आठवलं, डोळ्यात पाणीच आलं. नंतर वाचलं तर सान्शो खरंच आपल्या तिरफळाच्याच कुळातला, दोन्हीकडे बी टाकून साल वापरतात.

आणि सगळी गंमत त्या झिणझिणीतच आहे. सान्शोतलं सान्शूल हे द्रव्य मज्जापेशींमधून पोटॅशियम झिरपायच्या वाटा बंद करतं, त्यामुळे पेशी चटकन उत्तेजित होतात. जिभेवर आपल्याला झिणझिण्या जाणवतात, आतड्याच्या भिंतीत मात्र तिथल्या नसा अ‍ॅसिटिलकोलीन (स्नायूंना निरोप देणारं रसायन) सोडतात, स्नायू आवळतो आणि आतलं पुढे सरकायला लागतं. आल्यातलं शोगाओल मिरचीची आग ओळखणाऱ्या रिसेप्टरला चाळवतं. शिवाय आतड्याचा रक्तपुरवठा वाढतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नुसतं ढकलण्यापेक्षा ते बरं.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या 2010 च्या अभ्यासात 60 निरोगी माणसांना दिली तेव्हा मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग लवकर रिकामा झाला. ऑपरेशनच्या पेशंटवरचे निकाल मात्र सगळीकडे सारखे नाहीत. आणि प्लीज, कुणाकडून मागवून मनाने घेऊ नका, क्वचित लिव्हरला किंवा फुप्फुसाला त्रास होतो, आणि आतडं खरंच अडलं असेल तर आधी डॉक्टर गाठा.

माझा वारा दुसऱ्या दिवशी पहाटे सरला. पावडरीमुळेच सरला असं छातीठोकपणे नाही सांगणार, कारण त्याच दिवशी मला कॉरिडॉरमध्ये चालायलाही लावलं होतं.