यादीत नसलेला रकाना

मंगल कार्यालयाचा व्यवस्थापक म्हणून माझा सगळा जीव गाद्या, पाणी आणि वेळ यांत अडकलेला असतो. लग्नसराईत रातोरात शे-दोनशे वऱ्हाडी उतरले तरी आमची धावपळ होत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी आणि टँकरचं गणित तेवढं पक्कं ठेवावं लागतं. राज्यस्तरीय दिव्यांग क्रीडा स्पर्धेतल्या खेळाडूंचा मुक्काम आमच्याकडे ठरला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता.

मग आयोजकांची यादी आली. जिल्हा, पुरुष, महिला, शाकाहारी, मांसाहारी. व्हीलचेअरवर कोण, अंध कोण, कर्णबधिर कोण, याचा रकानाच नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "सगळे दिव्यांगच आहेत की हो!" या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. कमरेखाली ताकद नसलेल्या माणसाला जमिनीवर अंथरलेली गादी काय कामाची? त्याला खुर्चीच्या उंचीची कॉट लागते, म्हणजे हातांच्या जोरावर सरकता येतं. अंध धावपटूला त्याच्या गाईड रनरपासून, म्हणजे वाट दाखवत सोबत धावणाऱ्यापासून, वेगळ्या खोलीत टाकून चालत नाही. कर्णबधिरांना उठवायला दार वाजवून उपयोग नाही, दिवा लावायचा-मालवायचा.

व्हीलचेअरसाठीच्या उताराचं काम मात्र मी स्वतः उभं राहून करून घेतलं. आमच्या दाराला दोन पायऱ्या, मिळून फूटभर उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो. मांडववाल्यानं नेहमीच्या सवयीनं चार फुटी फळी आणली, वर लाल गालिचा. गालिच्यात पुढची बारकी चाकं रुततात आणि खुर्ची तोंडावर जाते. गालिचा काढायला लावला, फळ्या जोडून पूर्ण बारा फूट करून घेतले.

अडलं ते न्हाणीघरात.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी मराठवाड्यातली एक गोळाफेकपटू वर्गीकरण, म्हणजे कुठल्या गटात खेळायचं ते ठरवणारी तपासणी, उरकून मैदानावरून परत आली. एफ ५४ गटातली, म्हणजे हात खणखणीत, पण धडाला आणि पायांना ताकद नाही. मार्चचं ऊन, चेहरा लालबुंद, पण घामाचा थेंब नाही. बहीण स्प्रेच्या बाटलीनं तिच्या दंडांवर, मानेवर पाणी मारत होती. मज्जारज्जूला इजा झाली की त्या जागेच्या खाली घाम नीट येत नाही, अंगातली उष्णता अंगातच कोंडते, हे मला त्या बहिणीनं सांगितलं. मी लिंबूपाण्याचा ग्लास पुढे केला. त्या खेळाडूनं तो घेतला नाही.

"काका, आधी संडासाचं दार दाखवा."

आदल्या रात्री गाडीत बसल्यापासून तिनं जेमतेम घोट-दोन घोट पाणी घेतलं होतं. गाडीतल्या संडासात तिची खुर्ची जात नव्हती, मैदानावरच्या फिरत्या शौचालयाला पायऱ्या होत्या. "सवय आहे," म्हणाली, "स्पर्धा असली की आदल्या दिवसापासूनच पाणी बंद."

तळमजल्यावर कमोड एकाच खोलीत, वधूपक्षाच्या. तिथे खुर्ची चौकटीत अडकली. फारतर बोटभर जागा कमी पडत होती. आमच्या सुतारमामांनी टेप लावला आणि म्हणाले, "चौकट नाही आडवी येत, फळी येतीय. उघडली तरी तिची जाडी आत राहतीया." त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या, दार काढून भिंतीला लावलं. दीडेक इंच मोकळा झाला. चौकटीवर दोन खिळे ठोकून आम्ही चादर टांगली, वॉर्डरोबमध्ये भरपूर होत्या. खुर्ची आत गेली. बाहेर आल्यावर तिनं तांब्याभर पाणी प्यायलं, मग अजून एक.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम मैदानावर गेलो. बसून गोळा फेकायची खुर्चीसारखी चौकट जमिनीला पट्ट्यांनी करकचून बांधतात, बैठक पंचाहत्तर सेंटीमीटरपेक्षा उंच चालत नाही, पंच टेप लावून तपासतात. खेळाचे लोक सेंटीमीटर मोजतात हे बघून बरं वाटलं. व्यासपीठावर भाषणं चालली होती: मुरलीकांत पेटकरांचं १९७२ च्या पॅरालिम्पिकमधलं पोहण्यातलं सुवर्ण, शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींचं २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमधलं गोळाफेकीतलं रौप्य. सांगायलाच हवं ते. पण भाषण करणाऱ्यांपैकी एकानंही मुक्कामाला येऊन न्हाणीघर पाहिलं नव्हतं.

तिचा क्रमांक आला नाही. तहानेचा त्यात किती हात होता, हे मला कळायचा मार्ग नाही. पण पाणी न पिणं हा तिच्या सरावाचाच भाग होऊन बसलाय, आणि ती ते तक्रारीच्या सुरात सांगतही नव्हती, हे मला सोडत नाही.

ट्रस्टींपुढे मी तीन दारं रुंद करायचा प्रस्ताव ठेवला. "वर्षातून एकदा येणाऱ्यांसाठी?" असं एकानं विचारलं. प्रत्येक लग्नात कुणाची तरी आजी वॉकर घेऊन त्याच दाराशी थांबते, हे मी त्यांना सांगितलं. दोन दारं मंजूर झाली. तिसऱ्यासाठी पुढच्या बैठकीत पुन्हा बोलणार आहे. आणि आता बुकिंगच्या फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवलाय: पाहुण्यांत व्हीलचेअर किंवा वॉकर कुणाची?