एकाच बरणीतले दोन जबडे

संग्रहालयाच्या मत्स्यविभागात नमुने तपासून त्यांची नोंद करणं हे माझं काम. जुन्या बरण्या तपासताना एक अशी निघाली की चिठ्ठीवरची शाई अल्कोहोलमध्ये पार उतरून गेली होती. आत मूठभर सिक्लिड मासे, म्हणजे गोड्या पाण्यातल्या माशांच्या एका मोठ्या कुळातले. कुठले, कुणी पकडले, काही पत्ता लागेना.

चिठ्ठी नसली की आधी अंगकाठी बघायची. ट्यूनाचं अंग दोन्ही टोकांना निमुळतं, शेपटी चंद्रकोरीसारखी. तो मोकळ्या समुद्रात अखंड पोहणारा मासा. पाइक या शिकारी माशाचा पाठीवरचा आणि गुदाजवळचा पर पार मागे शेपटीजवळ, कारण तो दबा धरून एकदम झेप घेतो. आमच्या बरणीतले मासे उंच आणि बाजूंनी चपटे होते, म्हणजे अडचणीच्या जागेत पटकन वळणारे. पण ते खात काय होते हे अंगावरून कळत नाही. त्यासाठी तोंड उघडावं लागतं, आणि सिक्लिड असेल तर घसासुद्धा.

सिक्लिडांना जबड्यांच्या दोन जोड्या असतात. दुसरी घशात. कल्ल्यांच्या पाचव्या कमानीची डावी-उजवी हाडं मधोमध जुळून खालचा एकसंध त्रिकोणी जबडा होतो. पुढच्या तोंडाने पकडायचं, मागच्याने चिरडायचं. घशाने हे काम उचलल्यामुळे पुढचा जबडा मोकळा झाला आणि शेवाळ खरवडणं, दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडणं, भक्ष्य ओढून घेणं अशा नाना कामांसाठी घडत गेला, असं जीवशास्त्रज्ञ कारेल लीम यांनी 1973 मध्ये मांडलं. व्हिक्टोरिया, मालावी, टांगानिका या आफ्रिकेतल्या सरोवरांत सिक्लिडांच्या शेकडो जाती का झाल्या, याच्या उत्तराचा एक मोठा भाग मला तरी इथेच दिसतो.

सारख्या लांबीचे दोन मासे निवडले, घशातले जबडे सोडवले आणि हाडं लाल करणाऱ्या अलिझरिन या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पहिल्याचं हाड जाडजूड, त्यावर चपट्या, गोल माथ्याच्या दाढा, मधल्या झिजून गुळगुळीत झालेल्या. शंख फोडणाऱ्याचाच जबडा! दुसऱ्याचं हाड सडपातळ, दात बारीक आणि टोकदार. हे दोन जबडे नुसते हातात दिले असते तर कुणीही दोन वेगळ्या जाती सांगितल्या असत्या.

सरांना दाखवलं. त्यांनी जबड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी गुदपराचे काटे मोज." गुदपर म्हणजे पोटाखालचा, शेपटीकडचा पर; आफ्रिकेतल्या बहुतेक सिक्लिडांना तिथे तीन काटे असतात. या दोघांनाही तीनपेक्षा जास्त होते. बाकीची मापंही एकाच जातीशी जुळली: अ‍ॅस्टॅटोरिओक्रोमिस अलुओडी.

मग बरणीच्या तळाशी माशांना बांधलेले क्रमांकाचे बिल्ले सापडले आणि नोंदवहीशी पडताळले. दाढावाले व्हिक्टोरिया सरोवरातले निघाले. बारीक दातवाले टाकीत जन्मलेले, मऊ अन्नावर वाढलेले. नोंद वाचून मी पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी गेले. प्रत्येक दाताखाली हाडातल्या खोबणीत पुढचा दात तयार होत होता. माशांचे दात जन्मभर पडतात आणि नवे येतात. शंख फोडत वाढणाऱ्या माशात नवा दात आधीच्यापेक्षा रुंद येतो, त्याखालचं हाड जाड होतं, स्नायू भरतात. कवच फोडायची वेळच आली नाही तर यातलं फारसं काही घडत नाही.

मत्स्यतज्ज्ञ हम्फ्री ग्रीनवुड यांनी याच माशाबद्दल हे 1965 मध्ये लिहून ठेवलं आहे. मी ते वाचलेलं होतं. पण दोन्ही जबडे एका काचेवर शेजारी ठेवून पाहिले तेव्हा अंगावर काटा आला. उत्क्रांतीने या माशाला दाढा दिल्या असं आपण सहज म्हणून जातो. तिने दिली ती दाढा घडवण्याची ताकद, आणि ती वापरात येते खाण्याप्रमाणे. बिल्हार्झिया या माणसांना होणाऱ्या रोगाचे परजीवी वाहणाऱ्या गोगलगायी खाऊन टाकाव्यात म्हणून हाच मासा कॅमेरूनमधल्या तळ्यांत सोडला होता. तिथे मऊ अन्न आयतं मिळालं, जबडे बारीक राहिले आणि गोगलगायींचा बंदोबस्त काही झाला नाही.

सरांनी दोन्ही जबडे वेगळ्या कुप्यांत ठेवायला सांगितले, नाव मात्र एकच. मी त्याखाली प्रत्येकाचं खाणंही लिहिलं. आमच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता, तो आखून घेतला. आता नुसत्या घशातल्या दातांवरून वेगळ्या ठरवलेल्या जातींच्या बरण्या पुन्हा उघडायला घेतल्या आहेत.