पळालेल्या वेलांट्या आणि ए-झीरो नकाशा : माझा अनुभव

जुन्नर तालुक्यातल्या एका गावाला पाणलोटाचा नकाशा करून द्यायचा होता. नाले, बांध, विहिरी, शिवारांची नावं, सगळं भिंतीवर लावता येईल अशा ए-झीरो कागदावर, आणि तेही १ मेच्या ग्रामसभेआधी. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा तयारच होता. प्रिंट लेआउट, शीर्षक, सूची, उत्तरेचा बाण यात एक संध्याकाळ गेली. छापून घ्यायला मात्र आठ दिवस आणि पाच फेऱ्या.

घरी पीडीएफ सुरेख दिसत होती. पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात गेलो. तिथल्या मुलाने ती थेट न छापता डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि म्हणाला, "सर, हे काय लिहिलंय?" 'विहीर'मधली पहिली वेलांटी 'व'ला सोडून 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसली होती. 'क्षेत्र'चे तीन तुकडे झाले होते. शाबूत होतं ते फक्त 'गावठाण', कारण त्यात ना जोडाक्षर ना वेलांटी.

"फॉन्ट आणा," म्हणाला. फॉन्ट नेला, तरी तेच. मग त्याने उदारपणे सुचवलं, "नावं आमच्याकडे पुन्हा टाइप करू." नावं दीडशेच्या आसपास होती आणि त्यांच्याकडचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. एवढी शुद्धलेखन तपासणी दुकानाच्या काउंटरवर उभ्याने करायची माझी तयारी नव्हती. शेवटी मालकांचा तोडगा आला: "जेपीजी द्या ना साहेब, सगळे जेपीजीच देतात."

दिली असती. पण ए-झीरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, तो साधारण ९,९३३ बाय १४,०४३ पिक्सेल होतो, म्हणजे जवळजवळ १४ कोटी ठिपके. एवढं चित्र नुसतं मेमरीत धरायलाच अर्धा जीबीहून जास्त जागा लागते. माझ्या लॅपटॉपने दोनदा मान टाकली. १५० डीपीआयवर जेपीजी निघाली. चार फुटांवरून बघायला ती पुरेशी असते, पण लोक नकाशा लांबून बघत नाहीत, बोट ठेवून स्वतःची विहीर शोधतात. बारीक नावांच्या कडा फुटलेल्या होत्या. ती प्रिंट अजून माझ्या कपाटामागे आहे.

चूक सापडली पाचव्या दिवशी रात्री, आणि ती माझीच होती. पीडीएफ काढताना अक्षरं कशी पाठवायची याचा एक पर्याय असतो. मुळात तिथे 'पाथ्स' निवडलेलं असतं, म्हणजे प्रत्येक अक्षर रेघांचा आकार बनून जातं. फाइलमध्ये नावं शोधता यावीत म्हणून मीच ते शहाणपणाने 'टेक्स्ट ऑब्जेक्ट्स' करून ठेवलं होतं. अक्षर अक्षर म्हणून गेलं, की पुढच्या सॉफ्टवेअरला ते पुन्हा जुळवावं लागतं, आणि देवनागरी जुळवणं सगळ्यांना जमत नाही. एक पर्याय परत पहिल्यासारखा केला. दोन सेकंदांचं काम!

तेव्हा निघण्याआधी पीडीएफ उघडा आणि माउसने एखादं नाव निवडून पाहा. निवडलं गेलं, तर दुकानात जाऊ नका.

हे आधी सांगायला हवं होतं: नकाशाचं प्रमाण फूटपट्टी लावून तपासा. मी पार्श्वभूमीला ऑनलाइन बेसमॅप (तयार नकाशा) टाकून काम सुरू केलं होतं, त्यामुळे प्रकल्प वेब मर्केटरमध्येच, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणातच, राहिला होता. आपल्या अक्षांशावर त्यात अंतरं जवळजवळ सहा टक्के फुगतात. १:५००० लिहिलेल्या कागदावर नकाशातली ५०० मीटरची प्रमाणपट्टी १० सेंटिमीटर भरायला हवी, ती १०.६ भरली. प्रकल्प यूटीएम ४३ उत्तर या आपल्या भागाच्या प्रक्षेपणात नेल्यावर जुळलं. आणि दुकानात 'फिट टू पेज' नको, शंभर टक्के, हे तोंडी सांगून भागत नाही. पडद्यावर बघा. १:५००० हा आकडा छापलेलाच राहतो, पण छापताना नकाशा आक्रसला की तो खोटा पडतो. पट्टी नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून ती खरी राहते. मी शेवटी आकडा काढूनच टाकला.

रंगांचं म्हणाल तर पडद्यावरचा नाल्यांचा निळा कागदावर जांभळट आला. आधी ए-फोरवर एक कोपरा छापून घेतला असता तर कळलं असतं. डोंगरउताराची सावली द्यायची असेल तर थर एकमेकांत मिसळणारा 'मल्टिप्लाय' पर्याय टाळा, थर नुसता फिका करा. माझ्या आवृत्तीत मल्टिप्लायने अख्ख्या नकाशाचं जेपीजीसारखं ठिपक्यांचं चित्र व्हायचं आणि नावं पुन्हा धूसर.

२९ एप्रिलला संध्याकाळी नकाशा हातात आला. प्रत्येक वेलांटी जागेवर. मी पैसे काढत होतो, तेवढ्यात मालक नकाशा निरखत म्हणाले, "साहेब, उजवीकडे एवढी जागा मोकळी सोडलीय. सरपंचांचा फोटो टाकायचा का?"