आयपी पत्त्यांची नोंद आणि तिची राखण

अमुक आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरील उपकरणांचे क्रमांक, अमुक कंपनीच्या मालकीचे आहेत, असे आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात कंपनीकडे असतो तो वापराचा हक्क, आणि त्याचा पुरावा म्हणजे नोंदणी संस्थेच्या दप्तरातील नोंद. जगात अशा पाच प्रादेशिक संस्था आहेत; आपल्या विभागाचे काम ब्रिस्बेन येथील एपनिक पाहते आणि तिच्या अंतर्गत भारतासाठी निक्सी ही संस्था राष्ट्रीय नोंदणी चालवते. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्यानंतर पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागले, त्यामुळे सातबाऱ्यावरील फेरफाराइतकेच महत्त्व या नोंदीतील बदलांना आले.

मात्र इंटरनेटची वाहतूक पुढे पाठवणारे राउटर हे दप्तर आपणहून उघडून पाहत नाहीत; ‘हे पत्ते आमच्याकडे आहेत’ अशी एखाद्या जाळ्याने केलेली घोषणा, म्हणजेच जाहीर केलेला मार्ग, ते खरी मानतात. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा मार्ग जाहीर केला आणि तो देशाबाहेर पसरला. तिरक्या रेषेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा गट लहान. यूट्यूबची घोषणा /२२ ची, म्हणजे १,०२४ पत्त्यांची होती, तर ही /२४ ची, त्यातल्याच २५६ पत्त्यांची. राउटर अधिक नेमका मार्ग निवडतात, त्यामुळे जगभरची वाहतूक तिकडे वळली.

यावरचा उपाय म्हणजे आरपीकेआय, म्हणजे मार्गाची घोषणा डिजिटल स्वाक्षरीच्या आधारे तपासण्याची व्यवस्था. पत्त्यांचा धारक ‘आरओए’ नावाचे स्वाक्षरीबद्ध विधान करतो, ज्यात पत्त्यांचा गट, तो जाहीर करण्याची मुभा असलेला एएस क्रमांक (म्हणजे जाळ्याचा ओळख क्रमांक) आणि कमाल लांबी (म्हणजे त्या गटाचा किती लहान तुकडा जाहीर करता येईल याची मर्यादा), एवढ्याच गोष्टी असतात. इतरांचे राउटर आलेली घोषणा या विधानाशी ताडून पाहतात. यातली कमाल लांबीच सर्वाधिक निष्काळजीपणे भरली जाते. प्रत्यक्ष घोषणा /२२ ची असताना ‘पुढेमागे लागेल’ म्हणून २४ लिहून ठेवले, तर धारकाचा एएस क्रमांक खोटेपणाने मूळ म्हणून दाखवून कोणीही /२४ जाहीर करू शकतो, आणि तपासणीत ती घोषणा वैध ठरते.

शिवाय ही सारी व्यवस्था अखेर एका लॉगिनवर उभी असते. ३ जानेवारी २०२४ रोजी ऑरेंज स्पेन या दूरसंचार कंपनीच्या, रिपे एनसीसी या युरोपच्या बाजूच्या नोंदणी संस्थेवरील खात्यात एक हल्लेखोर शिरला. पासवर्ड अगदीच सुमार होता आणि दुहेरी पडताळणी सुरू नव्हती. त्याने चुकीचे आरओए तयार करताच कंपनीचे खरे मार्ग इतरांच्या राउटरना अवैध दिसू लागले आणि ग्राहकांचे इंटरनेट काही तास कोलमडले. म्हणजे संरक्षणासाठी उभारलेली यंत्रणा बिनचूक चालली, आणि म्हणूनच नुकसान झाले! पुढे रिपे एनसीसीने दुहेरी पडताळणी सक्तीची केली.

गैरवापराच्या तक्रारींसाठी नोंदीत दिलेला ई-मेल चालू आहे का, हे एपनिक दर सहा महिन्यांनी तपासते. अनेक कार्यालयांत हा ई-मेल केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या इंजिनीयरच्या नावाचा असतो आणि खात्याचा पासवर्डही त्याच्याच वहीत राहिलेला असतो. त्यामुळे माझ्या मते नोंदणीची तपासणी हूइज या नोंदींच्या सार्वजनिक यादीतील संपर्काच्या रकान्यापासून सुरू करावी. आरओएकडे त्यानंतर वळावे.