आज जरा जास्त वेळ मीट

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. इंदूरचं लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर हा माझा पट्टा. गुडघा बदललेल्या मराठी काका-काकूंची यादी करायला बसले तर वही भरेल.

त्यातलेच हे काका, निवृत्त मराठी शिक्षक. ऑपरेशनला ११ दिवस झाले होते आणि गुडघा ७० अंशांवर अडून बसला होता. निदान ९० पर्यंत वाकला नाही तर खुर्चीतून धड उठता येत नाही, आणि जितका उशीर तितका सांधा आखडत जातो. म्हणून त्या दिवशी जोर लावायचाच, असं ठरवून गेले होते. टाचेखाली हात घातला, तेवढ्यात काका म्हणाले, "थांब. आधी ते कर."

"काय, काका?"

"रोज हात लावण्याआधी दोन सेकंद डोळे मिटतेस ना, ते. आज दुखणार आहे, तर जरा जास्त वेळ मीट. आणि आत काय म्हणतेस ते मोठ्याने म्हण. मला ऐकायचंय."

स्वयंपाकघरातला मिक्सर नेमका तेव्हाच बंद झाला.

मी ख्रिस्ती आहे. आमचं घराणं मूळचं नगरचं, आजोबा नोकरीच्या निमित्ताने इकडे आले. शुभवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणं हे आमच्याकडे हौशी माणसाचं काम समजत नाहीत, ती प्रभूची आज्ञाच आहे. बायबलमध्ये मत्तयच्या २८व्या अध्यायातलं ते "जा, शिष्य करा" लहानपणापासून कानावर आहे. पण मी एक नियम पाळत आले आहे. ज्याचा गुडघा माझ्या हातात आहे, त्याच्यापुढे मी धर्माचा विषय काढत नाही. तो माणूस उठून जाऊ शकत नाही. दुखण्याने कळवळलेला माणूस कशालाही "हो" म्हणतो, आणि त्या "हो"चं मी काय करू?

भीतीही आहे, खोटं कशाला बोलू. मध्य प्रदेशात धर्मांतराबाबतचा कायदा १९६८ पासून आहे, २०२१ मध्ये नवा आला. जबरदस्तीने, फसवून किंवा आमिष दाखवून धर्म बदलायला लावला तर १ ते ५ वर्षं कैद. चर्चमध्ये एका वकिलांनी आम्हाला समजावलं होतं की घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलंय, आणि तो खटलाही आपल्याच राज्यातला. मी काही कुणाचं धर्मांतर करत नव्हते. तरी मागे एका घरी माझ्या गळ्यातला क्रूस पाहून "दुसरी कोणी पाठवा" असा फोन गेला होता.

पण इथे विषय काकांनी काढला होता. येशूचा शिष्य पेत्र, त्याने बायबलमधल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे. हा तोच पेत्र, ज्याने येशूला पकडल्यावर एका दासीने हटकलं तेव्हा "मी त्याला ओळखत नाही" म्हणून हात झटकले होते. मला त्या क्षणी पत्र लिहिणारा नाही, हात झटकणारा पेत्र आठवला.

मी म्हटलं, "प्रभू येशू, माझ्या हातांना घाई करू देऊ नकोस. काकांना गरजेपेक्षा जास्त दुखू देऊ नकोस. आमेन."

"एवढंच? मला वाटलं, माझं धर्मांतर मागतेस की काय!"

दोघंही हसलो आणि मी गुडघा वाकवायला घेतला. काका दात-ओठ खात बोलत राहिले. "तीस वर्षं टिळकांची कविता शिकवली. रेव्हरंड ना. वा. टिळक. पोरं विचारायची, सर, रेव्हरंड म्हणजे काय? मी सांगायचो, पदवी असते. पुढे जायचोच नाही. का झाला गं तो माणूस ख्रिस्ती?"

मला माहीत होतं ते सांगितलं. १८९३ मध्ये आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि हेही सांगितलं की त्यापायी घर उसवलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, काही वर्षांनी परतल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ही बाजू गाळली असती तर मीही "पदवी असते" म्हणणाऱ्यांतलीच.

८२ अंश.

मान वर केली तर दारात काकांचा मुलगा. "ताई, तुम्ही व्यायाम घ्या. बाकीचं नको."

"मी विचारलं म्हणून ती बोलली," काका म्हणाले.

मुलगा मला खाली गेटपर्यंत सोडायला आला. "आजकालचे दिवस तुम्हाला माहीत आहेत. रस्त्यावरून कोणी ऐकलं तर त्रास तुम्हालाच." ही काळजी होती की ताकीद, मला कळलं नाही. स्कूटी सुरू करून निघाले.

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, या आठवड्यात कोणी साक्ष दिली, म्हणजे कुणाला येशूबद्दल सांगितलं? माझा हात वर गेला नाही. काय सांगणार होते, १२ अंश?

सोमवारी परत गेले. फोन आला नव्हता, म्हणजे दुसरी कोणी येणार नव्हती. काका पलंगाच्या कडेला तयारच बसले होते. "मीट डोळे," म्हणाले. हॉलमध्ये लॅपटॉपवर काम करणारा मुलगा उठला, आत आला, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि काही न बोलता परत जागेवर जाऊन बसला.

त्या दिवशी गुडघा ८८ पर्यंत गेला.