खिळा ठोकण्याआधीचे दोन महिने

स्वीडनमध्ये पीएचडीचा प्रबंध भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. अक्षरशः. छापील प्रत, वरच्या कोपऱ्यात भोक, भोकात दोरी, हातात हातोडी. या प्रकाराला ‘स्पीकनिंग’ म्हणतात. प्रबंधाचा बचाव सार्वजनिक असतो, रस्त्यावरचा माणूसही आत येऊन बसू शकतो, म्हणून तीन आठवडे आधी प्रबंध कुणालाही वाचायला मिळाला पाहिजे, हा मूळ हेतू. आता जोडीला ‘डीवा’ या ऑनलाइन संग्रहात ई-स्पीकनिंगही करावं लागतं, पण खिळा काही सुटलेला नाही.

संशोधनाबद्दल इथे लिहीत नाही. २४० क्रेडिट म्हणजे चार वर्षं, त्यात साधारण २० टक्के शिकवण्याचं काम धरलं की पाच. ती जशी जायची तशी गेली. मला बोलायचंय ते बचावाच्या परवानगीच्या अर्जाबद्दल. तीन पानांचा अर्ज, आणि त्यानं पूर्ण उन्हाळा खाल्ला.

अर्जात काय असतं? बचावाची तारीख आणि सभागृह, ओपोनेंटचं नाव, परीक्षक समितीचे तीन किंवा पाच सदस्य, एक राखीव सदस्य, आणि सभा चालवणारा अध्यक्ष. ओपोनेंट म्हणजे समोर बसून तास-दोन तास प्रश्न विचारणारा बाहेरचा तज्ज्ञ. तो निकाल देत नाही, निकाल समिती देते. आपल्याकडे परीक्षकांची नावं गुप्त ठेवायची आणि अहवालाची वाट बघत वर्ष घालवायचं, अशी रीत. इथे सगळी नावं आधीपासून माहीत असतात आणि निकाल त्याच दुपारी लागतो: पास किंवा नापास, मधलं काही नाही. म्हणूनच ही नावं निवडताना सगळी कडकाई आहे.

कडकाईचं नाव ‘येव’, म्हणजे हितसंबंध. स्वीडनमधली बहुतेक विद्यापीठं कायद्यानं सरकारी कार्यालयंच आहेत. त्यामुळे २०१७ चा प्रशासन कायदा त्यांना लागू होतो आणि त्याच्या १६ व्या कलमात येव कधी होतो ते दिलं आहे. प्रत्यक्षात विद्याशाखा एक सोपी कसोटी लावते: त्या व्यक्तीचा तुमच्याबरोबर किंवा तुमच्या मार्गदर्शकांबरोबर गेल्या पाच वर्षांत एकत्र शोधनिबंध आहे का? असेल, तर नाव बाद.

माझा अर्ज इथेच अडला. समितीतल्या एका सदस्याचं नाव चार वर्षांपूर्वीच्या एका निबंधावर माझ्या सहमार्गदर्शकाबरोबर होतं. निबंधाला चाळीसेक लेखक, दोघं वेगवेगळ्या देशांत, आयुष्यात एकमेकांना ईमेलसुद्धा केलेली नाही. अशा मोठ्या सहकार्याला सूट मिळू शकते, पण ती अर्जासोबतच, कारण लिहून मागायची असते. ते अर्जावर कुठेही छापलेलं नाही. आणि राखीव सदस्य? तोही त्याच गटातला. म्हणजे एक गेला की दुसराही गेला, मग राखीव ठेवून उपयोग काय!

तर आधी हे करा. ओपोनेंट, तीन सदस्य आणि राखीव मिळून पाच माणसं. तुमच्या बाजूला तुम्ही, मुख्य मार्गदर्शक आणि दोन सहमार्गदर्शक, म्हणजे चार. पाच गुणिले चार, वीस जोड्या. प्रत्येक जोडी निबंधांच्या शोधयंत्रात टाकून बघा. एका दुपारचं काम आहे. मार्गदर्शकावर सोडू नका. त्यांना त्यांचे स्वतःचे सगळे निबंध आठवत नाहीत, आणि ‘आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नाही’ हे त्यांचं उत्तर प्रामाणिक असलं तरी कार्यालयाला चालत नाही. संशयास्पद जोडी सापडली तर चार ओळींचं स्पष्टीकरण पहिल्याच दिवशी जोडा: निबंध कोणता, लेखक किती, दोघांचा वाटा काय. शिवाय समितीत स्त्री-पुरुष दोन्ही हवेत, सदस्य दोसेंत (साधारण आपल्या सहयोगी प्राध्यापकासारखा दर्जा) पातळीचे हवेत, असे स्थानिक नियम असतात. ते प्रत्येक विद्याशाखेचे वेगळे, तेव्हा शेजारच्या विभागातल्या मित्राचा जुना अर्ज उतरवून काढू नका.

आता त्या दोन महिन्यांबद्दल. अर्ज १२ जूनला गेला. स्वीडनमध्ये जुलै हा महिना कॅलेंडरवर असतो, कार्यालयात नसतो. सुट्टीच्या कायद्यानं प्रत्येक नोकरदाराला वर्षाला किमान २५ दिवस मिळतात, आणि त्यातले सलग चार आठवडे जून ते ऑगस्टमध्ये घ्यायचा हक्क आहे. हक्क चांगलाच आहे, मीही तो चार वर्षं उपभोगला. पण निर्णय घेणाऱ्या मंडळाची शेवटची बैठक जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होते आणि पुढची थेट ऑगस्टअखेर, हे मला कुणी तोंडानं सांगितलं नाही. मी ईमेल करत राहिलो. उत्तर प्रत्येक वेळी यंत्राचं: मी रजेवर आहे, तातडीचं असल्यास अमुक व्यक्तीला लिहा. अमुक व्यक्तीचंही तेच. येवची हरकत माझ्यापर्यंत पोचली १८ ऑगस्टला, एका ओळीत.

सुटका झाली ती आवक क्रमांकानं. हसू नका. स्वीडनमध्ये कार्यालयात आलेला कागद हा सार्वजनिक दस्तऐवज असतो, १७६६ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्यापासून चालत आलेली ही गोष्ट. प्रत्येक विद्यापीठात रेगिस्त्रातोर नावाचं खातं असतं. ते प्रकरणाला ‘दियारीनुम्मेर’ देतं, आपल्या तहसील कचेरीतल्या आवक-जावक वहीसारखाच. हा क्रमांक मागायचा आणि सोबत विचारायचं: हे प्रकरण सध्या कुणाच्या टेबलावर आहे? उत्तर द्यावंच लागतं, आणि ते माणसाच्या नावासकट येतं. ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ या ईमेलला आठवडे लागले, क्रमांक घालून केलेल्या ईमेलला दोन दिवस. त्या टेबलावरच्या बाईंनी फोनवरच सांगितलं की नवा सदस्य सुचवा, बैठक २९ ला आहे, कागद २५ पर्यंत द्या. तेवढंच वाक्य जूनमध्ये मिळालं असतं तर! कायद्यात सहा महिन्यांनी निर्णयाची लेखी मागणी करायची सोय आहे, ती इथे निरुपयोगी.

तारखा नेहमी उलट्या मोजा. बचाव १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी, तर खिळा उशिरात उशिरा १९ सप्टेंबरला. छापखान्याला निदान दोन आठवडे, म्हणजे फाइल ५ सप्टेंबरला. मंजुरी त्याआधी हवी, कारण बचावाची तारीख आणि ओपोनेंटचं नाव प्रबंधात छापावं लागतं. माझी मूळ तारीख २६ सप्टेंबर होती. ती पुढे गेली, ओपोनेंटचं विमान बदलावं लागलं, सभागृह नव्यानं शोधावं लागलं. बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्याचे आठवडे त्या तीन आठवड्यांत धरत नाहीत, हेही विचारून ठेवा. ज्यांना सप्टेंबरमध्ये बचाव करायचाय त्यांचा अर्ज मेमध्ये गेला पाहिजे.

आईवडिलांना बोलवायचं असेल तर हाच गोंधळ त्यांच्या व्हिसापर्यंत पोचतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी करावा लागतो. शुल्क ९० युरो, आणि विमा निदान ३०,००० युरोचा. निमंत्रणपत्रात मी बचावाची तारीख घातली होती, ती बदलली आणि पत्र पुन्हा करावं लागलं. तारखेऐवजी आठवड्यांचा पल्ला लिहा.

छपाईत एकच गोष्ट सगळ्यांना चावते. प्रबंध बहुधा जी-५ आकारात छापतात, १६९ गुणिले २३९ मिलिमीटर. तुम्ही लिहिता ए-४ वर, म्हणजे सगळं ८० टक्के होतं. १२ पॉइंटचा मजकूर ९.६ होतो, ते चालतं. आलेखातली ७ पॉइंटची अक्षरं ५.६ होतात, ती भिंगानं वाचावी लागतात. मूळ आलेखच मोठ्या अक्षरांत करा. मुखपृष्ठाला चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, आणि पडद्यावरचा झगझगीत निळा छापून मळकट येणार हे गृहीत धरा. नमुना प्रत मागा, आणि अर्धा तास तरी ती उघडून बसा.

निबंधांच्या संग्रहाचा प्रबंध असेल (पुढे ‘काप्पा’ नावाचा सांधणारा भाग, मागे निबंध), तर प्रकाशकांचे हक्क वेगवेगळे तपासावे लागतात. एल्सव्हिएर छापून आलेला निबंध स्वतःच्या प्रबंधात घालू देते. आयट्रिपलईचा निबंध ऑनलाइन प्रबंधात घालायचा असेल तर फक्त स्वीकृत आवृत्ती चालते, मांडणी केलेली नाही. या कटकटीमुळेच डीवावर बहुतेक जण फक्त काप्पा टाकतात आणि निबंध छापील प्रतीतच ठेवतात. तुम्हीही तसंच करा.

प्रत्यक्ष दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओपोनेंट भांडायला येत नाही, तीन तासांत आटपतं, समिती दार लावून बसते आणि बाहेर सगळे कॉफी पितात. संध्याकाळच्या मेजवानीचा खर्च मात्र तुमचा.

हां, ते भोक. छापखान्याला सांगितलं तर एक-दोन प्रती भोक पाडून देतात, पण ऑर्डर देतानाच लिहावं लागतं. मी विसरलो. दोनशे पानांतून ऑफिसचं पंच जात नाही. विभागाच्या कार्यशाळेत ड्रिल मिळतं. प्रत दोन लाकडी फळ्यांमध्ये शिकंजात घट्ट आवळा, ६ मिलिमीटरचं पातं लावा आणि हळूहळू दाबा, नाहीतर शेवटची पानं फाटतात. एक जास्तीची प्रत हाताशी ठेवा. माझी पहिली फाटली.